मन खचलेले असताना बायबल कसे वाचावे: १४ दिवस, ७ उतारे, रोज १५ मिनिटे

आजारपण, गेलेली नोकरी, घरातला मृत्यू, मोडत आलेले लग्न, डोक्यावरचे कर्ज. अशा दिवसांत बायबल उघडणारे बरेच जण तीन-चार दिवसांत ते मिटून ठेवतात आणि माझा विश्वासच कमी पडतो म्हणून स्वतःला बोल लावतात. बहुधा चूक विश्वासाची नसते, वाचण्याच्या रीतीची असते. कोणी डोळे मिटून पान उघडतो आणि बोट पडेल ते वचन आजचा निरोप मानतो. कोणी वर्षभराच्या वाचनात मागे पडलेले अकरा अध्याय एका रात्रीत उरकतो. कोणी मोबाइलवर आलेली वचने एकामागून एक वाचत राहतो आणि मनाला लागेल अशा एकाची वाट पाहतो.

पान कुठेही उघडले तर लेवीय १३ सुद्धा लागू शकते. तिथे त्वचेवरचे चट्टे याजकाने कसे तपासावेत याचे नियम आहेत. रुग्णालयाच्या बाकावर रात्री दोन वाजता त्यातून धीर मिळाला नाही, तर दोष वाचणाऱ्याचा नाही आणि लेवीयाचाही नाही.

खालच्या रीतीत एक उतारा दोन दिवस वाचायचा आहे. सात टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये. चौथा टप्पा गाळून पाचव्यावर उडी मारणे ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक.

सुरू करण्याआधी एक तपासणी. जीव नकोसा झाला आहे, स्वतःला इजा करावीशी वाटते, असे विचार येत असतील तर आधी माणसाशी बोला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. चालू असलेली औषधे वाचनाच्या भरवशावर बंद करू नका. हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (यशया ३८:२१, म्हणजे यशयाच्या पुस्तकातला अध्याय ३८, वचन २१). आणि घरात मारहाण होत असेल, तर क्षमेची आणि सहनशीलतेची वचने शोधत त्या घरात थांबू नका. आधी सुरक्षित जागी जा, वाचन तिथे करता येईल.

## टप्पा १: तयारी (आदल्या दिवशी, अर्धा तास)

कागदाचे बायबल. मोबाइलवर वाचता येते, पण खचलेल्या मनाला सूचनांचा एक टिंग पुरतो. मोबाइलच वापरायचा असेल तर इंटरनेट बंद करून वाचा. आधीच उतरवून ठेवलेला मजकूर तसाही चालतो.

दोन भाषांतरे, जमल्यास. एक मंडळीत ऐकून कानात बसलेले, दुसरे सोप्या मराठीतले. जुन्या वळणाच्या भाषांतरात ‘दुर्ग’, ‘अभिषिक्त’, ‘तारण’ असे शब्द येतात. एरवी ते अडत नाहीत, पण रात्रभर झोप नसेल तर तीन अनोळखी शब्दांनंतर डोळे नुसते ओळींवरून फिरतात. पहिले वाचन सोप्यातून, दुसरे ओळखीच्यातून. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. इथले सगळे उतारे दोन्हींत आहेत.

साधी वही आणि पेन. डाव्या पानावर उताऱ्यातले, उजव्या पानावर आपले. दोन्ही एकाच पानावर लिहिले की आठवड्याने कुठले वाक्य शास्त्रातले आणि कुठले आपल्या भीतीचे, हे ओळखू येत नाही.

वेळ. १५ मिनिटे, रोज एकाच वेळी. पहाटेच हवी असे काही नाही. रात्री झोप न लागणाऱ्याने पाचचा गजर लावला तर तिसऱ्या दिवशी तो गजराबरोबर बायबललाही कंटाळतो. दुपारच्या डब्यानंतरची १५ मिनिटे चांगली चालतात. फक्त अंथरुणावर आडवे होऊन वाचू नका.

जागा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असतील तर एकांत मिळणे कठीण. जिना, गच्ची, उघडे असलेले चर्च, रुग्णालयाची मागची बाजू, कुठेही चालेल, फक्त ओठ हलवून वाचता आले पाहिजे. लोकल गाडीत कानात ध्वनिमुद्रित बायबल लावून पहिला अर्धा भाग होतो. वहीचा भाग मात्र बसून करा.

*तपासा:* उद्याचा उतारा आज ठरला आहे आणि त्या पानावर कागदाची खूण आहे. ही खूण नसेल तर उद्याची १५ मिनिटे पाने उलटण्यात जातात.

## टप्पा २: उतारा निवडणे

इथे सगळ्यांत जास्त विचार करा. नियम एकच. वचन निवडू नका, उतारा निवडा. उतारा म्हणजे जिथे एक बोलणे किंवा एक प्रसंग सुरू होऊन संपतो तेवढा तुकडा. अख्खे स्तोत्र, अख्खा प्रसंग, पत्रातला पूर्ण परिच्छेद. साधारण ६ ते ३० वचने. योहान ११ सारखा लांब प्रसंग असेल तर पहिल्या दिवशी अर्धा, दुसऱ्या दिवशी उरलेला.

पहिला उतारा सगळ्यांसाठी एकच ठेवा: स्तोत्र १३. सहाच वचने. सावकाश वाचले तरी दोन मिनिटे लागत नाहीत, आणि पुढची सगळी रीत या लहानशा स्तोत्रावर शिकता येते.

पुढचे सहा उतारे आपल्या अडचणीप्रमाणे घ्या. अडचण नेमकी ओळखणे इथे कामाचे. ‘मी त्रासात आहे’ एवढ्याने निवड होत नाही.

*थकून गेल्यामुळे काही नकोसे झाले असेल* तर १ राजे १९:१-१८. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. पहिले उत्तर उपदेशाचे येत नाही. झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे येते, मग पुन्हा झोप, पुन्हा जेवण. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतरचे. ज्यांना वाटते की जेवल्या-झोपल्याविना प्रार्थनेने सगळे भागेल, त्यांनी हा क्रम वहीत उतरवून घ्यावा.

*जवळचे माणूस गेले असेल* तर योहान ११:१-४४. लाजर आजारी असल्याचे कळूनही येशू आणखी दोन दिवस तिथेच थांबतो (११:६), हे वचन घाईने ओलांडू नका. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघी एकच तक्रार करतात, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेला तो बोलून उत्तर देतो. मरियेपाशी तो रडतो. दुःखात दोन बहिणींना दोन वेगळी उत्तरे मिळाली, हे पाहून ठेवा. जोडीला लूक २४:१३-३५.

*लांबलेले दुखणे असेल* तर मार्क ५:२५-३४ आणि २ करिंथ १२:१-१०. मार्कमधल्या त्या बाईची १२ वर्षे गेली, पुष्कळ वैद्यांपुढे सगळा पैसा संपला आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले, असे तिथे सरळ लिहिले आहे. ती बरी होते. करिंथच्या पत्रात पौल आपल्या त्रासाला शरीरातला काटा म्हणतो. त्याने तीनदा मागितले, पण काटा निघाला नाही. दोन्ही वाचा, एकच वाचू नका. पहिलाच वाचला तर बरे न होणारा स्वतःला अविश्वासू ठरवतो, दुसराच वाचला तर माणूस मागणेच सोडून देतो.

*पैशाची ओढाताण असेल* तर हबक्कूक ३:१७-१९, पण आधी पहिला अध्याय. अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. रूथ १ हाही चांगला उतारा: दुष्काळामुळे घर सोडलेले कुटुंब, आणि परतल्यावर मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, असे सांगणारी बाई. तिच्या या बोलण्यावर कोणीही तिला दटावत नाही.

*विश्वासातल्या माणसाने दगा दिला असेल* तर स्तोत्र ५५. वैरी असता तर सोसले असते, पण हा तर माझा सोबती, असे १२ ते १४ या वचनांत आहे.

*अपराधाचे ओझे असेल* तर स्तोत्र १३०, लूक १५:११-३२ आणि योहान २१:१-१९, याच क्रमाने.

*नेमके काय होते ते कळतच नसेल* तर स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र. त्यांत एकच कडवे तीन वेळा येते (४२:५, ४२:११, ४३:५). बोलणारा स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू का खिन्न आहेस. पहिल्यांदा विचारून मन शांत झाले नाही म्हणून तो पुन्हा विचारतो. तुम्हालाही तीनदा विचारावे लागले तर बिघडले काही नाही.

सावध, स्तोत्र ८८. हे स्तोत्र अंधारावर संपते, शेवटी आशेची ओळ येत नाही. काहींना त्यातच सुटका वाटते, कारण कोणीतरी खोटे हसू न आणता बोलले आहे. पण ते रात्री झोपण्याआधी वाचू नका, आणि पहिल्या आठवड्यात एकट्याने नको. १०९ आणि १३७ या स्तोत्रांत सूडाची भाषा आहे. तिथे राग देवापाशी ओतलेला आहे. तेवढेच करायचे, पुढचे पाऊल उचलायचे नाही.

निवडीतली आणखी एक चूक: दुसऱ्यासाठी निवडणे. ‘हे यांनी वाचायला हवे’ असे मनात आले की त्या दिवसाचे वाचन नवऱ्याच्या नावावर जमा होते.

## टप्पा ३: दोनदा वाचणे, एकदा मोठ्याने (४ मिनिटे)

बसल्यावर एक मिनिट काहीही करू नका. मग प्रार्थनेचे एकच वाक्य पुरे: प्रभू, मी आलो आहे, काय आहे ते दाखव. लांब प्रार्थना इथे नको. खचलेला माणूस दहा मिनिटे प्रार्थना करतो आणि वाचायला त्राण उरत नाही.

पहिले वाचन मनात, न थांबता, शेवटपर्यंत. दुसरे मोठ्याने, किमान ओठ हलवून. मोठ्याने वाचताना वेग आपोआप निम्मा होतो आणि डोळ्यांनी उडी मारलेली ओळ जिभेला ओलांडता येत नाही. ‘सेला’ (काही स्तोत्रांत मध्ये येणारा शब्द, बहुधा थांबण्याची खूण) आले की दोन श्वास थांबा.

स्तोत्र १३ मोठ्याने वाचाल तेव्हा ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो हे कानाला कळेल. पहिले दोन देवाला उद्देशून आहेत: तू विसरलास, तू तोंड लपवलेस. तिसरा स्वतःच्या मनाबद्दल आहे, चौथा वैऱ्याबद्दल. दुःख किती दिशांनी येते हे त्या माणसाने चार प्रश्नांत मोजून ठेवले आहे.

*तपासा:* पुस्तक मिटून उताऱ्यात काय घडले ते तीन वाक्यांत सांगता येते का? येत नसेल तर तिसऱ्यांदा वाचा. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: कोण, कोणाला, कोणत्या वेळी (५ मिनिटे)

डाव्या पानावर चार ओळी लिहा.

१. कोण बोलतो आहे?
२. कोणाशी?
३. त्याची त्या वेळची अडचण कोणती?
४. उताऱ्याच्या सुरुवातीला जी अडचण होती, ती शेवटी सुटली का?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. स्तोत्र १३ मध्ये त्याचे उत्तर आहे, नाही. चौथ्या वचनापर्यंत वैरी आहे तसाच आहे. पाचव्यात तो म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधल्या जागेत कोणतीही चांगली बातमी आलेली नाही. धीर अडचण सुटल्यावरच मिळतो असे धरून बसलेल्याला ही गोष्ट चार ओळी लिहिल्याविना दिसत नाही.

याच टप्प्याने तीन फार वापरली जाणारी वचने तपासून पाहा.

यिर्मया २९:११. तुमच्या हिताच्या योजना माझ्यापाशी आहेत, अशा अर्थाचे हे वचन वर्षारंभाच्या वचनकार्डांवर आणि दिनदर्शिकांवर सतत दिसते. ते एका पत्रातले आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमातून बंदिवान करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या लोकांना ते लिहिले गेले. त्याच्या लगेच आधीच्या वचनात मुदत दिली आहे, ७० वर्षे. त्याआधी सांगितले आहे की तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा (२९:५-६). आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. त्याने लोकांना दोन वर्षांत सुटका होईल असे सांगितले होते, आणि तो खोटा ठरला. आता हे कार्ड हातात धरून ‘या महिन्यात काम होणार’ असे म्हणणारा माणूस यिर्मयाचे वचन हनन्यासारखे वाचतो. महिना संपतो, काम होत नाही, आणि देवाने शब्द मोडला असे वाटू लागते. तो शब्द दिलेलाच नव्हता. दिला होता तो वेगळा: लांबलेल्या मुदतीतही मी तुम्हाला विसरलेलो नाही, तोवर घर बांधा. कर्जफेडीची आठ वर्षे समोर असलेल्याला कामाचा आहे तो हाच शब्द.

फिलिप्पै ४:१३. सर्व काही करायला मी शक्तिमान आहे, हे वचन परीक्षेला आणि सामन्याला जाताना म्हटले जाते. वरची दोन वचने वाचा. पौल बेड्यांत आहे (१:१३), आणि भरलेल्या पोटाने राहणे व उपाशी राहणे दोन्ही शिकलो असे सांगतो आहे. ‘सर्व काही’ म्हणजे या दोन्ही अवस्था. त्याच पत्रात आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचे लिहिताना, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असेही तो मोकळेपणी कबूल करतो (२:२७). शक्तिमान असणे आणि दुःख होणे एकाच माणसाच्या एकाच पत्रात आहे.

ईयोब ८:७. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, असा त्याचा आशय. नव्या दुकानाच्या भिंतीवर हे सुंदर दिसते. पण बोलणारा बिल्दद आहे, संकटात सापडलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक, आणि तीनच वचने आधी त्याने ईयोबाला तुझी मुले त्यांच्या पापामुळे मेली असावीत असे सुचवले आहे. पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांपैकी अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत (४२:७). ईयोबाच्या पुस्तकातले वचन भावले तर आधी कोणाच्या तोंडचे आहे ते पाहा. हा नियम कधीच मोडू नका.

*तपासा:* व्हॉट्सॲपवर आलेले प्रत्येक वचन याच गाळणीतून घाला. अध्याय उघडायचा, वरची पाच आणि खालची पाच वचने वाचायची. मग ते ठेवायचे की सोडायचे ते ठरवायचे. दोन मिनिटांचे काम आहे.

पहिला दिवस इथे संपतो. टप्पा ६ करून पुस्तक मिटा. धीर आला नाही? पहिल्या दिवशी तो अपेक्षितही नाही.

## टप्पा ५: उत्तर देणे (दुसऱ्या दिवशी, ८ मिनिटे)

दुसऱ्या दिवशी तोच उतारा. टप्पा ३ पुन्हा, पण आता मोठ्याने एकदाच. मग उजवे पान.

उताऱ्याचा साचा घ्या आणि त्यात आपला मजकूर भरा. स्तोत्र १३ चा साचा तीन भागांचा आहे: तक्रार (१-२), मागणे (३-४), भरवसा (५-६). नोकरी गेलेल्या माणसाचे पान असे होईल:

*कोठवर? तीन महिने झाले. तू माझे नाव विसरलास का? रोज सकाळी तोच हिशेब डोक्यात घोळतो. ज्याने मला काढले तो खुशाल आहे.*

*माझ्याकडे पाहा. उद्या घरमालकाशी बोलायला शब्द दे.*

*मागच्या पावसाळ्यात आई आजारी होती तेव्हा आम्ही निभावलो. त्या दयेवर मी आजही टेकतो.*

यात तीन जागा चुकतात.

तक्रार गाळली जाते. ‘देवापुढे असे बोलू नये’ म्हणून लोक थेट स्तुतीवर येतात. पण स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी फार मोठा वाटा विलापस्तोत्रांचा आहे, आणि वधस्तंभावर येशूने म्हटलेला ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा प्रश्नही २२ व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतला आहे. तक्रारीच्या किमान दोन ओळी लिहाच.

मागणे मोघम राहते. ‘सर्व ठीक कर’ असे लिहू नका. उद्या दुपारपर्यंत जे लागणार आहे ते मागा.

भरवशाची ओळ ओढूनताणून येते. ती येत नसेल तर कोरी जागा सोडा, बाजूला तारीख घाला. खोटी ओळ लिहिलेली वही आठवड्याने उघडवत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात दयेचा उल्लेख २२ व्या वचनात येतो, आणि त्याआधीची २० वचने निव्वळ कडवट आहेत. तुमचे विसावे वचन अजून चालू असेल.

सावध. ‘इस्राएल’ किंवा ‘दावीद’ खोडून तिथे आपले नाव घालू नका. साचा उचलायचा, दुसऱ्याला दिलेली वचनचिठ्ठी उचलायची नाही. दाविदाला राज्य मिळाले म्हणून मला बढती मिळेल, हे उताऱ्यातून निघत नाही. दावीद तक्रार घेऊन देवाकडेच गेला, मीही जाऊ शकतो, हे निघते.

## टप्पा ६: एक ओळ दिवसभरासाठी (१ मिनिट)

रोज शेवटी उताऱ्यातली एकच ओळ निवडा, सात-आठ शब्दांची. चिठ्ठीवर लिहून खिशात किंवा मोबाइलच्या आवरणामागे ठेवा. दिवसातून तीन वेळा काढून वाचा: घराबाहेर पडताना, जेवणाआधी, दिवा मालवताना. तीनच. तासातासाला काढली की तिचा तोडगा होतो.

कुठली ओळ घ्यायची? सगळ्यांत गोड वाटते तीच घ्यायला हवी असे नाही, जी आपल्या स्थितीत खरी आहे ती घ्या. स्तोत्र २३ मधली हिरवी कुरणे अनेकांना आवडतात, पण दरीत असलेल्याने चौथे वचन घ्यावे. पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल ‘तो’ म्हणून बोलले आहे. मृत्यूच्या छायेची दरी आली की भाषा बदलते आणि ‘तू’ सुरू होते. ‘तू माझ्याबरोबर आहेस’ ही ओळ नेमकी त्या वळणावर उभी आहे.

## टप्पा ७: आठव्या आणि चौदाव्या दिवशी मागे पाहणे

आठव्या दिवशी वाचण्याआधी दहा मिनिटे वही चाळा. ‘मला बरे वाटले का?’ हा प्रश्न या वेळी सोडून द्या, त्याचे उत्तर कालच्या झोपेवर अवलंबून असते. हे पाहा:

- तक्रारीच्या ओळी पहिल्या दिवसापेक्षा नेमक्या झाल्या आहेत का?
- मागितलेल्यापैकी काय मिळाले, काय नाही? दोन्ही बाजूला खूण करा. ‘नाही’ची खूण लपवू नका.
- कोणती ओळ दोनदा निवडली गेली?

चौदाव्या दिवशी वहीतले एक पान एका माणसाला वाचून दाखवा. पाळक, फादर, सिस्टर, मंडळीतली एखादी आजी, मैत्रीण. माणूस निवडताना एकच पाहा: ऐकताना मध्येच वचन फेकत नाही असा हवा. ईयोबाचे तिघे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले (२:१३). त्यांचे सगळ्यांत चांगले काम तेवढेच होते, बिघडले ते तोंड उघडल्यावर.

परगावी किंवा परदेशी एकटे असाल तर फोनवर वाचा, पण लिहून पाठवू नका. पाठवलेल्या मजकुराला अंगठ्याचे चित्र परत येते, वाचून दाखवले की समोरचा श्वास ऐकू येतो.

चौदा दिवसांनी वहीत काहीच हलले नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेलेली असतील, वाचलेले एक वाक्यही डोक्यात टिकत नसेल, तर रीत बदलू नका आणि उतारेही वाढवू नका. लक्ष न लागणे हे नैराश्याचे एक नेहमीचे लक्षण आहे. डॉक्टरांकडे जा. तोवर वाचन स्तोत्र १३ एवढेच ठेवा, तेही दुसऱ्याने वाचायचे आणि तुम्ही ऐकायचे.

## दिवस सुटला तर

सुटणारच. सुटलेले भरून काढू नका. दोन उतारे एका दिवसात घेतले की टप्पा ४ गळतो. जिथे खूण आहे तिथूनच पुढे जा. चार दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर मधला उतारा सोडा, एकदा स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, वहीत नवी तारीख घाला आणि पुढच्या उताऱ्यावर जा. वहीत मधली पाने कोरी राहिली तरी फाडू नका. त्या दिवसांत काय चालले होते ते आठव्या किंवा चौदाव्या दिवशी तिथेच दोन ओळींत लिहिता येते.